माहेरची काकडी

वच्छलेच्या घरून कुणी काकडीचं बी मागून आणलं, असं पूर्णाकाठच्या त्या गावात कुणी सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. ढेमसं मागा, टोपलंभर देईल. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागा, मूठभर नाही, भारा उपटून देईल. पण काकडीच्या बियाचं नाव काढलं की बाई ठार बहिरी व्हायची. ते बी तिच्या माहेरचं, नांदगाव खंडेश्वराकडचं. लग्नात आईनं ओटीच्या तांदळांत मिसळून दिलेलं. देठापाशी हिरव्या धारी, खाली पांढुरकं अंग आणि शेपटाला किंचित वाकडेपणा. भर उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या काकड्या कडू विषार निघत, तेव्हा हिची गोड. काकडी कोवळीच विकली जाते, त्यामुळे विकतच्या फळातून बी धरता येत नाही. बियाला म्हणून वेलावर एखादी पिकू द्यावी लागते, आणि ती पिकली काकडी वच्छला स्वतःच्या हातानं तोडायची. सख्ख्या नणंदेनं मागितलं तर म्हणाली, "माहेरचं हाये, देता नाई येत." जसं काही नणंदेनं तिचं कुंकूच मागितलं होतं.

चैत्र लागला की त्यांच्या मळ्यात कुणाला बसायला वेळ नसे. उजाडायच्या आत तिचा नवरा सूर्यभान बैल जुंपून मोट सुरू करी, कारण विहीर तळाला गेलेली असे आणि ऊन चढल्यावर सोडलेलं पाणी वेलांपेक्षा वाराच जास्त पितो. वच्छला खुरपं घेऊन दांड फोडत, बुजवत, या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात फिरवी. मग तोडणी. काकड्या, ढेमसं, सांबाराच्या जुड्या, सगळ्यावर ओलं पोतं. बांधावर संत्र्याची पाचसात झाडं होती, पण ती घरजावयासारखी, खाणार रोज आणि देणार कधीतरी. घर चालायचं ते भाजीवर, आणि भाजीत नाव होतं ते काकडीचं. चांदूरच्या बाजारात लोक "काकडी" म्हणत नसत, "वच्छलाबाईची काकडी" म्हणत. हे ऐकायला तिला फार आवडे. आता ते आवडणंच तिच्या मुळावर आलं, पण ते पुढे.

त्या वर्षी चैत्रात वेलावरून काकड्या जाऊ लागल्या. काल बोटभर पाहिलेली काकडी आज तोडायला जावं तर नुसता देठ. वेल तुडवलेला नाही, पानं मोडलेली नाहीत, माणसानं खुडावी तशी खुडलेली. दुपारी ती झोपडीत डोळा लावायची, तेवढ्या वेळात हे घडायचं. वच्छलेनं चोराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, चोर काही सापडला नाही. सूर्यभान म्हणाला, "जाऊ दे व, जनावर असंन." तशी ती त्याच्यावरच उसळली. "जनावराले देठ खुडता येते काय? जनावर काय सुरी घेऊन येते?"

आणि मग बाजाराच्या दिवशी तिनं त्या काकड्या नसीमबानोच्या टोपल्यात पाहिल्या.

नसीमबानो नदीच्या पल्याडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि लेक अनवरी. दोघी मायलेकी वाळूकाठच्या तुकड्यावर भाजी करून बाजारात विकायच्या. वच्छलेपेक्षा वयानं मोठी, म्हणून वच्छला तिला आपा म्हणायची. बाजारात त्यांच्या जागा समोरासमोर होत्या. कितीतरी वर्षं एकमेकींच्या टोपल्यावर नजर ठेवत, एकमेकींच्या तांब्यातलं पाणी वरून तोंडात ओतत त्या बसत आल्या होत्या. नसीमबानो वांगी विकायची, मिरच्या विकायची. काकडी तिनं कधी आणली नव्हती. आज तिच्या टोपल्यात देठापाशी हिरव्या धारींच्या, शेपटाला वाकड्या काकड्या रचून ठेवलेल्या होत्या.

वच्छलेच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं सामान तसंच टाकून ती समोर जाऊन उभी राहिली.

"ह्या कोठून आनल्या, आपा?"

"वाडीतल्या हायेत. बस ना," नसीमबानो हसून म्हणाली.

"कोनाच्या वाडीतल्या?"

नसीमबानोचं हसू जरा कमी झालं. "माह्या वाडीतल्या. बी तं तुहंच हाये. तूच देल्लं होतं ना ईदच्या वक्ताले."

"म्या? म्या बी देल्लं?" वच्छलेचा आवाज एवढा चढला की गुळाच्या भेलीवरच्या माशासुद्धा उठल्या असतील. "जन्मात कोनाले देल्लं नाई, अन् तुले देईन? आठ रोज झाले, माह्या वेलावरून काकडी जाऊन राहिली. आज समजलं कुठी जाऊन राहिली थे!"

लोक जमले. बाजारात लोकांना दुसरं काय हवं असतं? देवीदास किराणावाला दुकानातून उठून आला. याचा शब्द बाजारात चाले. त्यानं एक काकडी उचलली, देठाकडून पाहिली, शेपटाकडून पाहिली आणि म्हणाला, "काकडी तं वच्छलाबाईचीच हाये, बाप्पा. अन् वच्छलाबाईनं बी देल्लं म्हंता? मंग तं पूर्णा उलटी वाहीन आता!"

सगळे हसले. वच्छलेची चिक्कूपणाची कीर्तीच तिच्या बाजूनं साक्ष द्यायला उभी राहिली होती. नसीमबानो एकदा देवीदासाकडे, एकदा वच्छलेकडे पाहत राहिली. "वच्छला, अल्लाकसम, याद कर. तूच देल्लं." पण वच्छलेला काही आठवत नव्हतं आणि आठवून पाहायचंही नव्हतं. मागून कुणीतरी नसीमबानोच्या धर्मावरून एक घाण वाक्य बोललं. वच्छलेनं ते ऐकलं. तिला ते आवडलं नाही, पण तिनं त्या माणसाला गप्पही केलं नाही.

"काकडीची चोरी अन् फाशीची शिक्षा नोका करू," देवीदास मोठेपणानं म्हणाला. "बाईमानूस हाये. वच्छलाबाई, तुमचा माल तुमी उचला, झालं."

आणि वच्छलेनं तो माल उचलला. नसीमबानोच्या टोपल्यातल्या काकड्या ओच्यात भरभरून तिनं आपल्या टोपल्यात आणून ओतल्या. नसीमबानोनं हात लावला नाही, अडवलं नाही. ती आपल्या चार मिरच्यांपुढे बसून राहिली आणि मग दुपारच्या आतच उठून गेली. वच्छला संध्याकाळपर्यंत विकत होती. "माहेरची काकडी घ्या व, गोडच गोड!" त्या दिवशी तिचा गळा भलताच मोकळा झाला होता.

घरी आली तेव्हा सूर्यभान बैलांना कडबा टाकत होता. तिनं सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली. त्याचा हात कडब्यातच थांबला.

"वच्छले," तो म्हणाला, "तीन रोज झाले, अनवरी आली होती. तू नदीवर धुवाले गेलती. टोपलीत चार काकड्या आनल्या होत्या. म्हने, चाचीले सांगा, तुमच्या बियाचा वानोळा हाये, पहिला तोडा."

"मंग तुमी मले कावून नाई सांगतलं?"

"इसरलो. मोट फाटली होती त्या दिवशी. म्या त्या तुह्या काकड्यात ठेवून देल्ल्या."

वऱ्हाडात पहिलं फळ, पहिली भाजी आधी आपल्या माणसांकडे जाते, मग बाजारात. तो वानोळा. बी ज्यानं दिलं त्याचा मान त्यात सर्वांत पहिला. नसीमबानोनं तो मान पाळला होता. आणि वच्छलेला आता त्या संध्याकाळची आठवण झाली. टोपलीतली एक काकडी चिरून, मीठ लावून, भाकरीबरोबर खाताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "पाहा, माहेरचं थे माहेरचंच." त्यानं मान डोलावली होती. दोघांनी बसून नसीमबानोचा वानोळा खाल्ला होता.

तरी एक आशा उरली होती. बी आपण दिलंच नाही, ही. ती घरात गेली. भिंतीला बियांच्या शेणगोवऱ्या थापलेल्या होत्या. ओल्या शेणात बी खोचून भिंतीला थापलं की कीड लागत नाही. एका बाजूला ढेमशाचं, एका बाजूला काकडीचं, आणि वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पौषात, ईदच्या दिवशी, नसीमबानोनं शेवयांची टोपली पाठवली होती. टोपली रिकामी परत करायची नसते. घरात त्या दिवशी द्यायला काही नव्हतं, चूल पेटलेली, हात पिठात. वच्छलेनं अनवरीला म्हटलं होतं, "थांब, ढेमशाचं बी देतो तुले," आणि भिंतीवरची एक गोवरी ओढून टोपलीत टाकली होती. आता तिनं भिंतीवर उरलेली एक गोवरी काढून कुस्करली. आतून ढेमशाचं बी निघालं. दुसरी कुस्करली. ढेमशाचं. पेरणीच्या वेळी काकडीचं बी कमी भरलं आणि ढेमशाचं उरलं, तेव्हा उंदरांना शिव्या घालून तिनं ते सोडून दिलं होतं.

म्हणजे बी तिनंच दिलं होतं, चुकून. देणारीला ठाऊक नव्हतं, घेणारीला ते फार मोठं वाटलं होतं. जे नणंदेला मिळालं नाही ते आपल्याला दिलं, असं नसीमबानोला वाटलं असेल, आणि ती काही न बोलता ते जपत बसली असेल. हे मनात आलं तशी वच्छला शेणानं भरलेल्या हातांनी तिथंच भिंतीशी खाली बसली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि अशी वाटली की सूर्यभान दारात उभा आहे याचीही वाटली.

दुसऱ्या दिवशी वेल राखायला ती मुद्दाम दुपारी जागी राहिली. चिंचेवरून वांदरं उतरली, माणसासारखी बसून काकड्या खुडून घेऊन गेली. तिनं दगडसुद्धा उचलला नाही.

"गपचूप बस आता," सूर्यभान म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मी जाऊन पैसे देऊन येतो तिले. बाजारात काई बोलू नोको. लोकं तुहंच तोंड काळं करतीन."

तिला ते पटलं होतं, हे तिला पुढे कितीतरी दिवस खुपत राहिलं. पण नवऱ्याला पाठवणं तिच्यानं झालं नाही. ती स्वतः गेली. त्या काकड्यांचे जे काही पैसे आले होते ते पदराच्या गाठीत बांधून, गुडघाभर पाण्यातून, पल्याड. नसीमबानो वांग्याच्या वाफ्यात बसून खुरपत होती. काकडीचे वेल शेजारीच होते, नीट, काट्याचं कुंपण केलेले. एवढं कुंपण वच्छलेनंही कधी केलं नव्हतं.

"आपा," वच्छला म्हणाली, "माही चूक झाली. बी म्याच देल्लं होतं. वांदरं खात होते काकड्या. हे घे, तुहे पैसे."

नसीमबानोनं खुरपणं थांबवलं नाही. "चोर कुठी म्हंतलं मले?"

"बाजारात."

"मंग पैसे बी बाजारातच दे. अथी कोन पाहून राहिलं? अनवरीले रिश्ता आला होता बडनेऱ्याहून, रेलवईतला पोरगा. त्याचा मामू त्या दिवशी बाजारात होता." ती एवढंच बोलली. पुढं काय झालं हे तिनं सांगितलं नाही, आणि वच्छलेला विचारायची छाती झाली नाही. पाण्यातून परत येताना पायाखालची वाळू सरकत होती आणि तिला वाटत होतं, घर येऊच नये.

पुढचा बाजार येईपर्यंत तिला अन्न गेलं नाही. मोट हाकताना सूर्यभान तिच्याकडे पाही आणि बैलांनाच बोले. ती मनात वाक्यं जुळवी, मोडी. कधी वाटे, जाऊच नये. ताप आला म्हणून सांगावं. मग डोळ्यांपुढं नसीमबानोचं ते काट्याचं कुंपण येई आणि ती खुरपं घेऊन पुन्हा दांडावर जाई.

बाजाराच्या दिवशी नसीमबानो आली होती. तिच्या टोपल्यात काकड्या होत्या. त्या तिच्याच होत्या, मग आणू नये तर काय करावं? पण तिच्यापुढं माणूस थांबत नव्हता. बाया येत, काकडी पाहत, एकमेकींना कोपर मारत आणि पुढं जात. वच्छलेनं आपलं टोपलं खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला आणि बाजाराच्या मधोमध येऊन उभी राहिली. काकडी विकताना निघायचा तोच आवाज तिनं काढला.

"आयका व बायायनो, आयका! त्या दिवशी म्या नसीमआपाले चोर म्हंतलं. थे खोटं हाये! काकडी तिची हाये, तिच्या वाडीतली. बी म्या देल्लं होतं. चोर ते नाई, चोर मी हावो. तिची काकडी म्या उचलून इकली!"

वच्छलेला छातीवरचा दगड हलल्यासारखं झालं. आता लोक थुंकतील. थुंकू देत. तिनं त्याची तयारी करून ठेवली होती.

देवीदास दुकानातून उठून आला. त्याचे डोळे पाणावले होते.

"पाहा," तो लोकांना म्हणाला, "याले म्हंतात मोठं मन! आपल्या मळ्यात चोरी झाली, तरी गरीब बाईवर पांघरून घालून राहिली. सोताले चोर म्हनून घेऊन राहिली!"

"नाई, देवीदासभाऊ! खरंच सांगून राहिली मी! बी म्याच देल्लं!"

"तुमी अन् बी?" एक बाई हसत म्हणाली. "मंग आमाले कावून नाई देल्लं, वच्छलाबाई? इतक्या वर्षापासून मांगून राहिलो."

"चुकून देल्लं! ढेमशाचं म्हनून देल्लं!"

लोक आणखीच हसले, पण आता प्रेमानं. वच्छलेनं पदराची गाठ सोडली. बोलून होत नसेल तर करून दाखवावं, म्हणून ती नसीमबानोपुढे गेली आणि पैशांची मूठ तिच्यापुढं उघडली. "घे आपा. साऱ्यायच्या समोर देतो. तुह्या काकडीचे पैसे हायेत."

"अरे, वरून पैसे बी देऊन राहिली!" मागून कुणीतरी म्हणालं. एका म्हाताऱ्यानं हात जोडले.

नसीमबानोचा हात पुढं आला होता, तो तसाच थांबला. तिनं वच्छलेच्या तळहाताकडे पाहिलं, मग भोवतीच्या माणसांकडे. कुणीतरी म्हणालं, "घे बाई, घे, देते तं घे." तेव्हा तिनं हात मागं घेतला.

"त्या दिवशी चोर झाली होती, वच्छला," ती हळूच, फक्त वच्छलेलाच ऐकू जाईल असं म्हणाली. "आज भिकारीन बी झाली."

वच्छला पुन्हा ओरडली. तिनं आईची शपथ घातली, हातातल्या बांगड्यांवर हात ठेवला, देवीदासाला नावानं शिवी दिली. देवीदास हसून म्हणाला, "माय, तुही शिवी बी आशीर्वादच," आणि तिच्या टोपल्यातल्या दोन काकड्या घेऊन दुप्पट दाम ठेवून गेला. मग सगळेच आले. अशा बाईच्या हातची काकडी घरात असावी म्हणून आले. तिनं विकायला नकार दिला, तर त्यांनी आपल्या हातानं उचलली आणि पैसे टोपल्यात टाकले. "त्या घ्या, आपाच्या घ्या, त्याच काकड्या हायेत!" ती समोर बोट दाखवत राहिली. लोक तिकडे पाहत आणि मान हलवत.

दिवस डोक्यावर यायच्या आत वच्छलेचं टोपलं रिकामं झालं. एवढ्या लवकर ते कधीच झालं नव्हतं. ती त्या रिकाम्या टोपल्यापुढे खाली मान घालून बसली होती, आणि समोर नसीमबानो आपल्या भरल्या टोपल्यावर ओलं फडकं झाकत होती.